ससूनच्या आवारातलं पहिलं वर्ष

पुण्याच्या बी. जे. मेडिकलची सुरुवात डॉक्टर घडवायला झालीच नव्हती. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय 1867 मध्ये सुरू झालं आणि 1870 च्या दशकात त्याला जोडून बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाची वैद्यकीय शाळा निघाली. सरकारी दवाखान्यांना हॉस्पिटल असिस्टंट हवे होते, तेवढ्यापुरतीच. पुढे इथली मुलं एलसीपीएस, म्हणजे पदवीऐवजी पदविका घेऊन, बाहेर पडू लागली. देशात एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर असावा, असं आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने 1946 मध्ये सुचवलं. त्याच वर्षी शाळेचं कॉलेज झालं.

एमबीबीएसचं पहिलं वर्ष नावालाच वर्ष होतं. ते चालायचं दीड वर्ष. सगळा मुक्काम डिसेक्शन हॉलमध्ये. 1949 च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह कॉलेजांना देण्याची रीतसर सोय केली. टेबलाभोवती मुलांचा घोळका, एकाच्या हातात स्काल्पेल, दुसरा कनिंगहॅमच्या डिसेक्शनच्या पुस्तकातून मोठ्याने वाचतोय. हात कितीही धुतले तरी फॉर्मलिनचा वास डब्यातल्या पोळीपर्यंत यायचा. सीनियरकडून विकत घेतलेली हाडं होस्टेलवर खाटेखाली. हात, पाय, छाती असा एकेक भाग संपला की ‘पार्ट कम्प्लीशन’ची व्हायव्हा, आणि तिच्या आदल्या रात्री जागरण ठरलेलं.

फिजिऑलॉजीची गंमत वेगळी. ड्रमवर चकचकीत कागद ताणून बसवायचा, धुरावर धरून त्याला काजळी चढवायची आणि बेडकाच्या पोटरीचा स्नायू आकसला की सुईने उमटणारी रेघ जपायची. शर्टाची बाही लागली, की सगळा आलेख पुसला! मग पुन्हा काजळी. आता हा बेडूक संगणकाच्या पडद्यावर उडतो. बेडकांचं भलं झालं, हे मान्यच.

एवढ्या रगाड्यातून या कॉलेजात नाटकं कशी झाली, याचं नवल वाटतं. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे इथलेच. 1963 मध्ये सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींना संध्याकाळ मोकळी लागते. दीड वर्षाच्या ऐसपैस वेळापत्रकात ती मिळत असावी.

1997 च्या नियमांनी पहिला टप्पा वर्षावर आणला. अभ्यास मात्र त्या प्रमाणात घटला नाही; बायोकेमिस्ट्री तर उलट फुगली. ही काटछाट विद्यार्थ्यांच्या फारशी हिताची झाली नाही. त्या मानाने 2019 च्या अभ्यासक्रमातला एक बदल चांगला: डिसेक्शन सुरू होण्याआधी मुलं मृतदेहाला पहिला गुरू मानून शपथ घेतात.

हे गुरू आता देहदानातूनही येतात. त्यासाठीचे अर्ज वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतात. भरायचा असेल तर आधी घरच्यांशी बोलून घ्या. कॉलेजला कळवायचं काम शेवटी त्यांनाच करावं लागतं.