शब्दकोड्यातील युद्धगुपिते

मे १९४४. नॉर्मंडीवरील स्वारीची तयारी कमालीच्या गुप्ततेत चालली होती. नेमक्या त्याच सुमारास लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मधील शब्दकोड्यांत ‘युटा’, ‘ओमाहा’, ‘ओव्हरलॉर्ड’, ‘मलबेरी’ ही उत्तरे येत गेली. १ जूनला ‘नेपच्यून’ही आले. ही सारी त्याच मोहिमेची सांकेतिक नावे! हेरखात्याने कोडेकार लेनर्ड डॉव यांची कसून चौकशी केली. मात्र हेरगिरीचा पुरावा सापडला नाही.

डॉव हे शाळेचे मुख्याध्यापक. १९८४ साली त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले : कोड्याच्या रिकाम्या चौकटी सर मुलांकडून भरून घेत व मग शोधसूत्रे रचत, जवळच्या छावणीतील सैनिकांकडून ऐकलेले शब्द आपणच त्यांत भरले. हे खरे असेल, तर सेनापतींनी प्राणपणाने जपलेली नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक होती. त्यांचा अर्थ मात्र ६ जूनलाच उलगडला.