तालमीतला फुटबॉल

रविवारी कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर दोन तालमींची मॅच बघितली. बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो, तालमीचा आणि फुटबॉलचा संबंध काय? शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) कुस्तीला राजाश्रय दिला, पेठापेठांतल्या तालमी बहरल्या. पुढे त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉल धरला. म्हणून संघांची नावं पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. यातलं कुणी आयएसएलमध्ये नाही, तरी गॅलरी भरते. कारण संघ कंपनीचा नाही, पेठेचा आहे. पण हीच ईर्ष्या हाणामारीवर गेली की सामने बंद पडतात, अन् नुकसान होतं खेळणाऱ्या पोरांचं. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला. पुढचा अनिकेत हवा असेल तर गॅलरीनं हात आवरावा, घसा मात्र खुशाल फोडावा.