काउबॉय जंकीज

कॅनडातील कंट्री-रॉक बँड. स्थापना टोरांटो, 1985. मायकेल (गिटार), मार्गो (गायन) व पीटर (ड्रम) ही टिमिन्स भावंडे आणि मायकेलचा बालमित्र ॲलन अँटन (बेस) हे मूळ चौघे आजतागायत कायम राहिले. पहिला अल्बम (1986) त्यांनी घराच्या गॅरेजमध्ये एकाच मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रित केला.

कीर्ती मिळाली ती ‘द ट्रिनिटी सेशन’मुळे (1988). निर्माता पीटर मूर याने 27 नोव्हेंबर 1987 रोजी टोरांटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये एकच मायक्रोफोन मांडला आणि त्याभोवती वादकांना बसवले. एखादे वाद्य मोठे वाटले, की वादकालाच मागे सरकवायचे. मार्गोचा आवाज मुळातच हळू, म्हणून तो स्पीकरमधून सोडला गेला. चर्चच्या उंच छताखालचा घुमाराही त्यात उतरला. या अल्बमचे खरे वाद्य म्हणजे हा घुमाराच. जागा मिळावी म्हणून बँडने ‘टिमिन्स फॅमिली सिंगर्स’ असे सोज्वळ नाव सांगितले होते!

हँक विल्यम्स आदींच्या जुन्या कंट्री गीतांची लय त्यांनी या अल्बममध्ये कमालीची संथ केली. लू रीडच्या ‘स्वीट जेन’चे त्यांचे रूप खुद्द रीडलाही आवडले. 2007 मध्ये त्याच चर्चमधील नव्या ध्वनिमुद्रणाचा ‘ट्रिनिटी रिव्हिजिटेड’ हा अल्बम आला.