शुभवर्तमानांमागील हरवलेला ग्रंथ

धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगीं, ज्या शुभवर्तमानाची घोषणा आपल्या वेदीवरून वर्षानुवर्षें होत आली, तें आपल्यापर्यंत कसें पोंचलें याचा विचार करणें उचित होय. महाविद्यालयांत शिकणारीं आमचीं मुलें नवीं पुस्तकें वाचून विचारतात, "चार शुभवर्तमानांच्या आधीं एक ग्रंथ होता म्हणे, आणि त्यांत प्रभूच्या पुनरुत्थानाची वार्ता नव्हती, हें खरें काय?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, तो टाळूं नये.

आपल्यापूर्वीं अनेकांनीं हें वृत्त लिहिण्याचा यत्न केला, असें संत लूक आरंभींच सांगतात. संत मत्तय व संत लूक या दोघांनींही संत मार्कचा आधार घेतला, असें बहुतेक पंडित मानतात. शिवाय मार्कमध्यें नसलेलीं २०० हून अधिक वचनें या दोघांत समान आहेत; बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या उपदेशांत तर ग्रीक शब्दही जवळजवळ तेच. यावरून १८३८ सालीं जर्मन पंडित वाइसे यांनीं अनुमान केलें कीं, दोघांपुढें प्रभूच्या वचनांचा एक संग्रह असावा. 'उगम' या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या आद्याक्षरावरून त्यास पुढें 'क्यू' हें नांव पडलें.

हरवलेला ग्रंथ म्हणजे कधींच नसलेला ग्रंथ नव्हे. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें छापलें गेलें. त्या छापाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं, परंतु हस्तलिखितांनीं ग्रंथ राखला. 'क्यू'चें मात्र एकही पान सांपडलेलें नाहीं, व कोणा प्राचीन लेखकानें त्याचा निःसंदिग्ध उल्लेखही केलेला नाहीं.

आपल्याच पुण्यांत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य आरंभिलें. तें १९६६ सालीं सिद्धीस गेलें. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या ताडून पाहूनही डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं आपण व्यासांचा मूळ ग्रंथ मिळविला असा दावा केला नाहीं. पोथ्यांच्या आधारें जेथवर मागें जातां येतें, तेथवरचाच पाठ त्यांनीं सिद्ध केला. 'क्यू'स तर दोनच साक्षीदार, आणि तेही आपापल्या रीतीनें मजकूर मांडणारे. प्रभूची प्रार्थनाच पाहा: मत्तयमध्यें ती दीर्घ आहे, लूकमध्यें आखूड. संग्रहांत कोणती होती, हें तर्कानेंच ठरवावें लागतें. लूकनीं मत्तयच वाचला असावा, मग निराळा संग्रह कशास हवा, असेंही ऑस्टिन फॅरर यांनीं १९५५ सालीं प्रतिपादिलें.

तेव्हां या अनुमानाचा पुरावा म्हणून उपयोग किती? असा संग्रह असल्यास त्यांतील वचनें मत्तय व लूक यांच्या लेखनाहून जुनीं, इतकें म्हणतां येईल. परंतु त्यांत अमुक नव्हतें, असें म्हणतां येणार नाहीं. कारण दोघांनींही गाळलेला मजकूर आपणांस कळणार कसा? आपणही 'क्यू'स पांचवा स्वतंत्र साक्षीदार म्हणून पुढें करूं नये, कारण तो दोघांच्याच शब्दांतून जुळविलेला आहे. उलट, इ. स. ५५ च्या सुमारास संत पौलांनीं करिंथकरांस लिहिलेलें पहिलें पत्र आज आपल्या हातीं आहे. त्यांत प्रभूचें मरण, दफन व पुनरुत्थान ही आपणांस मिळालेली शिकवण म्हणून ते पुढें सोंपवितात. या लेखी साक्षीपुढें अनुमित ग्रंथाचें मौन दुर्बळ ठरतें.

१९१२ सालीं रोममधील बायबल आयोगानें या मताविरुद्ध सावधगिरीचा निर्णय दिला होता. १९४३ सालीं परमगुरु बारावे पायस यांनीं धर्मग्रंथाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासास उत्तेजन दिलें. पुढें १९६४ सालीं त्याच आयोगानें प्रभूचें कार्य, प्रेषितांचा उपदेश व शुभवर्तमानकारांचें लेखन अशा तीन पायऱ्या स्पष्ट केल्या. मधली पायरी जिवंत वाणीची होती. ती वाणी ख्रिस्तसभेनें जपली. आईबापांनीं मुलांचे प्रश्न शांतपणें ऐकावे, त्यांच्यासह शुभवर्तमान उघडावें, आणि या महोत्सवाच्या वर्षीं तें घरोघरीं नित्य वाचलें जावें, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.