कार्ल्याचें चैत्यगृह कोणाचें ?

मावळांतील कार्ल्याच्या चैत्यगृहांत ओसरीच्या डाव्या टोकास एक ब्राह्मी लेख आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल यानें जंबुद्वीपांत उत्तम असें हें शैलगृह सिद्धीस नेलें, असा त्याचा आशय. त्यावरून ‘कार्ल्याचें लेणें भूतपालानें कोरविलें’ हें वाक्य रूढ झालें. आम्हींही शाळेंत असतां अनेक वर्षें विद्यार्थ्यांकडून तेंच घोकून घेतलें. तें अपुरें होतें, हें येथें नमूद करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

प्रथम शब्द पाहूं. लेखांतील क्रियापदाचें संस्कृत रूप ‘परिनिष्ठापितम्’ असें होतें. निष्ठा म्हणजे शेवट, पूर्णता. तेव्हां भूतपालानें काम पुरें केलें, एवढेंच हा शब्द सांगतो. आरंभापासून सर्व त्यानेंच केलें, असें सांगत नाहीं. तथापि ‘स्थापिलें’ असाही अर्थ कोणी घेईल; म्हणून केवळ व्युत्पत्तीवर भिस्त न ठेवतां खांबांकडे वळूं.

हें गृह सुमारें १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद असून त्यांत ३७ खांब आहेत. दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा व स्तूपामागें सात. बाजूच्या अनेक खांबांवर दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. कित्येक दाते धेनुकाकटचे असून त्यांत ‘यवन’ म्हणविणारेही आहेत. एक खांब सोपाऱ्याच्या भाणकाचा, म्हणजे धर्मवचनें पठण करणाऱ्या भिक्षूचा आहे. गृहाच्या ‘मुखा’संबंधींच्या लेखांत सिंहदत्त हा गांधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आणि वेणुवासाचा पुत्र सामी हा सुतार यांचीं नांवें येतात. वेदिकेचें एक दान भिक्षुणीचें असून ती घडविणारा नंदिक आहे. दर्शनी भागांतील युगुलमूर्तींपैकीं कांहीं भदसम नांवाच्या भिक्षूनें दिल्या. बाहेरील सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा.

राजकुळाचा संबंध येथें नाहीं असें नव्हे. नहपानाचा जांवई उषवदात यानें वालुरक येथील, म्हणजे याच लेण्यांतील, भिक्षूंच्या योगक्षेमासाठीं करजिक हें गांव दिलें. परंतु तें दान भिक्षूंच्या निर्वाहाचें आहे. खांब, मुख व वेदिका यांवरील नांवें श्रेष्ठी, कारागीर, व्यापारी, भिक्षु आणि भिक्षुणी यांचीं आहेत.

यानें भूतपालाचें श्रेय उणें होत नाहीं. अनेकांनीं आरंभिलेलें एवढें कार्य तडीस नेणें ही लहान गोष्ट नव्हे. परंतु जेथें सुतारानें आपलें व आपल्या बापाचें नांव दगडावर ठेविलें, तेथें एकट्या श्रेष्ठीचें नांव घेऊन आपण थांबणें हा त्या सुतारावर अन्याय होय. कार्ल्यास जाणाऱ्या शिक्षकांनीं विद्यार्थ्यांस ओसरींतूनच परत न आणतां खांबांवरील अक्षरें अवश्य दाखवावीं, इतकीच आमची विनंती आहे.