पायचक्की, मुकी घंटा आणि पळणारा माणूस

मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले त्यांत एक असा होता : हातात डंबेल घेऊन पळणं, आणि तेही ट्रेडमिलवर, सुरक्षित असतं का? विचारणारे गृहस्थ साठीच्या पुढचे आहेत. मुलाने घरी यंत्र आणून बसवलंय, आणि कोणीतरी त्यांना सांगितलंय की दोन्ही हातांत एकेक किलो धरलं की निम्म्या वेळात काम होतं. हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला हवा हे खरं; आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो नीट पाहिला की उत्तराचा बराचसा भाग हाती लागतो. म्हणून आजचा तास त्यालाच देतो.

आधी वजनांचं बघू. प्राचीन ग्रीसमध्ये लांब उडी मारणारे खेळाडू हातांत दगडाची किंवा शिशाची वजनं धरत. त्यांना म्हणत 'हाल्तेरेस'. उडी घेताना ती पुढे झोकायची, जमिनीवर येण्याआधी मागे ओढायची. प्राण्यांच्या हालचालींवर ॲरिस्टॉटलचा एक छोटा ग्रंथ आहे, त्यात तो सांगतो की हातात वजन असलेला माणूस वजन नसलेल्यापेक्षा लांब उडी मारतो, आणि पळणारा हात हलवत पळाला तर जास्त वेगाने पळतो. विधानं शेजारी-शेजारी आहेत. पण नीट वाचा. वजन आहे ते उडी मारणाऱ्याच्या हातात, पळणाऱ्याचे हात मोकळे आहेत. ॲरिस्टॉटलचं निरीक्षण खरं निघालं : 2002 साली 'नेचर' मासिकात इटालियन वंशाच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की तीन मीटरच्या उडीत या वजनांमुळे साधारण 17 सेंटिमीटरची भर पडते. उडीत हात झोकायचा असतो एकदा. पळताना मिनिटाला दीडशे-एकशे साठ पावलं पडतात. म्हणजे अर्ध्या तासात प्रत्येक हात सुमारे 2400 वेळा पुढे जाऊन मागे येतो. फरक इथे आहे.

कोणी म्हणेल, ग्रीक लोक ढाल-शिरस्त्राण घेऊनही पळत होते की! होते. इसवी सनापूर्वी 520 साली ऑलिंपियात ती शर्यत सुरू झाली. पण ती लढाईची तालीम होती, अंतर स्टेडियमच्या दोन लांबींचं, आणि पळणारे ऐन तारुण्यातले सैनिक. ती काही आरोग्यासाठीची रपेट नव्हे.

आरोग्याचं बोलणारा माणूस म्हणजे सेनेका. लुसिलियसला लिहिलेल्या पंधराव्या पत्रात तो थोड्या वेळात होणारे व्यायाम सुचवतो : धावणं, वजन घेऊन हात हलवणं, उड्या मारणं. तीन वेगळ्या गोष्टी. (आणि ते झालं की शरीराकडून लवकर मनाकडे परत या, असंही बजावतो. आमच्या व्यवसायातल्या माणसाला हे बरं वाटतं.)

पुढे सुमारे साडेसोळाशे वर्षांनी लंडनमध्ये जोसेफ ॲडिसन 'स्पेक्टेटर'च्या 1711 सालच्या एका निबंधात सांगतो की आपण रोज सकाळी तासभर 'डंब बेल'वर व्यायाम करतो. म्हणजे मुकी घंटा. देवळातली घंटा ओढण्याची मेहनत तीच, आवाज मात्र नाही. 'डंबेल' हा शब्द तिथून आला. त्याच निबंधात दोन्ही टोकांना शिसं भरलेल्या आखूड काठ्या मुठीत धरून सावलीशी लढण्याचा व्यायामही आहे. हे सगळं खोलीत, जागच्या जागी.

आपल्याकडची तालीम आठवा. जोडी फिरवणारा पैलवान पाय रोवून उभा राहतो. मुद्गल खांद्यामागून फिरतो तेव्हा पायांना हलायची मुभा नसते, कारण फिरणाऱ्या वजनाला खालून आधार लागतो. याच जोडीची कसरत इंग्रजांनी हिंदुस्थानात पाहिली, 'इंडियन क्लब्ज' म्हणून एकोणिसाव्या शतकात विलायतेला नेली, आणि तिथल्या व्यायामशाळांतही ती उभ्यानेच शिकवली गेली. जिथे वजन हलतं तिथे पाय स्थिर, जिथे पाय हलतात तिथे हात मोकळे : ग्रीसपासून आपल्या लाल मातीपर्यंत बहुतेक ठिकाणी हाच रिवाज दिसतो.

तो मोडला अगदी अलीकडे. 1982 साली लेनर्ड श्वार्ट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांचं 'हेवीहँड्स' हे पुस्तक आलं आणि हातात वजनं घेऊन फिरण्याची लाट उसळली. त्यांची मूळ कल्पना वाईट नव्हती. पायांबरोबर हातांनाही कामाला लावा, हलकं वजन उंच उचलत चाला, म्हणजे हृदयाला जास्त व्यायाम मिळेल. फायदा होता तो हात उंच नेण्याचा. लोकांनी उचललं ते वजन, आणि चालायच्या ऐवजी पळायला लागले.

पळताना हात का हलतात हे इथे सांगायला हवं. उजवा पाय पुढे गेला की कंबर एका बाजूला वळू पाहते. डावा हात पुढे जाऊन ते वळणं तोलून धरतो. हात हा लोलक आहे, खांदा त्याची खुंटी. वजन खुंटीपासून दुप्पट लांब नेलं की ते फिरवायला चौपट जड जातं. डंबेल तर अगदी टोकाला, मुठीत असतं. मग हाताची लय मंदावते, किंवा ती टिकवण्यासाठी मान आणि खांदे ताठरतात. शिवाय घट्ट आवळलेल्या मुठीने रक्तदाब वाढतो, ही वैद्यकातली जुनी माहिती आहे. ज्यांना तो त्रास आहे त्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये.

आता यंत्राकडे. त्याची कथा जास्त विचित्र आहे.

1818 च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगांसाठी एक रुंद चाक तयार केलं. चाकावर बाहेरून पायऱ्या, वर धरायला दांडी. कैद्याने पायरीवर पाय दिला की ती खाली जाते, म्हणून पुढच्या पायरीवर, म्हणून त्याच्या पुढच्या. 1821 मध्ये ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ते बसलं, तिथे त्यावर धान्य दळलं जाई. आपण तिला पायचक्की म्हणू. पुढे अनेक तुरुंगांत या चाकाला काहीच जोडलेलं नसे. माणसं दिवसभर चढत, आणि चाक हवा दळे. 1865 च्या इंग्लंडच्या तुरुंग कायद्यात सक्तमजुरीच्या कामांची यादी आहे, रोज सहा ते दहा तासांची. यादीत पायचक्की आहे, आणि तिच्या शेजारीच 'शॉट ड्रिल' : तोफेचा गोळा दोन्ही हातांनी उचलायचा, काही पावलं चालायचं, खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. म्हणजे आपल्या गृहस्थांच्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी, हातातलं वजन आणि पायाखालचं चाक, एकाच कलमात शिक्षा म्हणून नोंदलेल्या आहेत. अंदमानातला कोलू मराठी वाचकाला 'माझी जन्मठेप'मुळे माहीत आहे. त्यातून निदान तेल तरी निघत होतं.

सुरक्षिततेचा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. सर जॉन कॉक्स हिप्पिस्ली या दंडाधिकाऱ्याने 1823 मध्ये गृहखात्याशी पत्रव्यवहार करून पायचक्कीवर हरकत घेतली : शरीरावर अनैसर्गिक ताण येतो, अंतर्गळ होतो, स्त्रियांना तर विशेष अपाय. जॉन मेसन गुड या डॉक्टरचा त्याला दुजोरा होता. हिप्पिस्लीचं म्हणणं, त्यापेक्षा हाताने फिरवायची चक्की द्या. न्यूयॉर्कच्या तुरुंगातला जेम्स हार्डी मात्र 1824 मध्ये लिहितो की या चाकाची दहशत मेहनतीत नाही, त्याच्या न थांबणाऱ्या एकसुरीपणात आहे. आम्हाला हार्डीचं निदान अधिक खोल वाटतं. चाक माणसासाठी थांबत नाही. पाय चुकला तर पायरी नडगीवर बसते. ऑस्कर वाइल्डला 1895 मध्ये पेंटनव्हिल तुरुंगात यावर चढावं लागलं. 1898 च्या कायद्यानंतर हे चाक हद्दपार होत गेलं.

आजचा पट्टा मात्र थेट तिथून आलेला नाही. तो आला प्रयोगशाळेतून आणि इस्पितळातून. 1950 च्या दशकात सिएटलमध्ये रॉबर्ट ब्रूस या हृदयरोगतज्ज्ञाने वेन क्विंटन यांच्या मदतीने रुग्णांसाठी पट्टा तयार केला. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवायचा, आणि हृदयाचा आलेख बघत राहायचं. आपल्याकडे जिला 'स्ट्रेस टेस्ट' म्हणतात ती हीच. पुढे केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' 1968 मध्ये आलं, आणि ते वाचून विल्यम स्टॉब या अभियंत्याने घरात मावेल असं स्वस्त यंत्र बनवलं. इस्पितळात शेजारी डॉक्टर उभा असतो. घरी येताना यंत्र तेवढं आलं, डॉक्टर मागेच राहिला.

पट्ट्यावर पळणं वाईट का? मुळीच नाही. गॅलिलिओच्या न्यायाने पाहिलं तर ठरलेल्या वेगाच्या पट्ट्यावर पळणं आणि रस्त्यावर पळणं यांत, समोरचा वारा सोडला तर, फार अंतर नाही. उलट खड्डे, कुत्री, दुचाक्या नाहीत, आणि पट्टा गुडघ्यांना पुष्कळदा सोसतो. भेद एकच : रस्त्यावर तुम्ही थांबलात की सगळं थांबतं. पट्ट्यावर तुम्ही थांबलात की तो तुम्हाला मागे फेकतो. क्यूबिटच्या चाकाचा हा एक गुण त्याच्यात उरला आहे. फरक इतकाच की आता थांबवायचं बटण तुमच्या हाताशी आहे. आमच्या परिचयाचे एक निवृत्त अधिकारी असेच पडले. वेग बैलगाडीचा होता, पण एका हातात फोन होता आणि दुसऱ्यात डंबेल. दांडी धरायला हात नव्हता. मनगट मोडलं.

तेव्हा प्रश्नकर्त्यांना उत्तर असं. डंबेल घ्या, पण उभ्याने किंवा खुर्चीत बसून, पट्ट्यावरून उतरल्यावर. पट्ट्यावर हात रिकामे ठेवा. दांडीला लटकून चालू नका, पण ती धरता आली पाहिजे. लाल दोरीचा चिमटा सदऱ्याला लावा, माणूस मागे गेला की किल्ली सुटून पट्टा थांबतो. उतरण्याआधी वेग कमी करत आणा. छातीत दुखलं, घेरी आली तर तिथेच थांबा. आणि या वयात सुरुवात करण्याआधी खरोखरच डॉक्टरांना दाखवा.

त्यांनी पत्रात नातवंडांचा उल्लेख केला आहे, म्हणून एवढं सांगतो. 2021 मध्ये अमेरिकेत पेलोटन कंपनीला आपली सुमारे 1,25,000 यंत्रं परत बोलवावी लागली. माणसं, पाळीव प्राणी, वस्तू पट्ट्याच्या मागच्या बाजूने आत ओढल्या गेल्याच्या 70 हून अधिक तक्रारी होत्या, आणि त्यांत एक सहा वर्षांचं मूल दगावलं होतं. धोका यंत्राच्या मागे असतो, जिथे पळणाऱ्याची पाठ असते. व्यायाम संपला की किल्ली काढून मुलांचा हात पोचणार नाही अशा फडताळात ठेवा. यंत्र भिंतीला पाठ लावून उभं असेल, तर आज संध्याकाळीच मुलाला हाताशी घेऊन फिरवा, मागे दोन मीटर तरी मोकळे सोडा.