इक्वलायझरची मधली पट्टी

गाडीच्या स्टिरिओत 'इक्वलायझर' नावाचं एक बटण किंवा पडद्यावरचं एक पान असतं. पुष्कळ जण ते एकदाच उघडतात, गाडी नवी असताना. दोन्ही टोकांच्या पट्ट्या वर सरकवायच्या, मधल्या खाली ओढायच्या, आवाज कसा दणदणीत झाला म्हणून खूश व्हायचं आणि पान बंद करायचं. वडापची जीप असो, ट्रॅव्हल्सची बस असो की शोरूममधून कालच काढलेली गाडी, पट्ट्यांचा आकार बहुधा तोच, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा. मी कवितेतला माणूस. विजेच्या यंत्रांशी माझा संबंध ऐकण्यापुरता. पण या 'व्ही'च्या खोलगट भागात काय बुडतं, ते मला चांगलं कळतं. तिथे शब्द बुडतो. म्हणून या यंत्राची हकिगत थोडी मागे जाऊन सांगावीशी वाटते.

'इक्वल' म्हणजे समान आणि इक्वलायझर म्हणजे समान करणारा. काय समान करायचं? त्यासाठी गाडीतून उतरून टेलिफोनच्या तारेपाशी जावं लागतं. माणसाचा आवाज म्हणजे अनेक कंपनांचं मिश्रण. सेकंदाला शंभर कंपनं झाली की त्याला शंभर हर्ट्झ म्हणायचं. कमी कंपनांचा तो खर्ज, जास्त कंपनांचा तो टिपेचा आवाज. तारेतून हे मिश्रण पाठवलं की अंतर वाढेल तसा वरचा भाग अधिक झिजतो, खालचा कमी. पलीकडच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण घोंगडीआडून बोलल्यासारखा. अमेरिकेत २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी देश ओलांडणारी टेलिफोन लाइन सुरू झाली. अशी अंतरं कापायची, तर आवाज नुसता मोठा करून भागत नव्हतं. त्याचा बिघडलेला तोलही सावरावा लागत होता.

त्यावर अभियंत्यांनी जो उपाय वापरला तो मला फार आवडतो. तारेच्या शेवटी त्यांनी एक छोटं मंडल जोडलं. जो भाग झिजला होता, त्याला ते काहीच देत नसे. जो झिजला नव्हता, त्यालाच ते तेवढं कमी करी. सगळे सारखे अशक्त झाले की मग ॲम्प्लिफायर सगळ्यांना एकत्र उचलून धरी. म्हणजे जुना इक्वलायझर वाढवणारा नव्हताच, तो काढून घेणारा होता. आज आपण पट्टी वर ढकलतो, तेव्हा त्याच्या मूळ स्वभावाच्या उलट वागत असतो.

त्याच टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर नावाचे शास्त्रज्ञ होते. 'स्पीच अँड हिअरिंग' हा त्यांचा ग्रंथ १९२९चा. बोलणं कळतं म्हणजे कानाला नेमकं काय मिळतं, याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. बोलण्यातली बरीचशी ताकद स्वरांत असते, म्हणजे 'आ', 'ओ' यांत, आणि ती खालच्या भागात असते. शब्द ओळखू येतो तो मात्र मुख्यत्वे व्यंजनांमुळे. त्यांची ताकद थोडी आणि मुक्काम वर, दोन हजार हर्ट्झच्या आसपास व त्याच्याही पुढे. जुन्या टेलिफोनवर साधारण तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ एवढाच पट्टा जाई. बोलणं कळायला तो पुरे, पण 'स' आणि 'फ' यांचा घोटाळा व्हायचाच. आपल्या मराठीत तर 'चार'मधला 'च' वेगळा आणि 'चारा'मधला वेगळा. त्या दुसऱ्या 'च'चा दाताजवळचा बारीक फुत्कार बराचसा चौतीसशेच्या पलीकडे राहतो. लिपीत ही दोन अक्षरं आपण एक केली, आणि टेलिफोननेही तेच केलं.

फ्लेचर आणि त्यांचे सहकारी मन्सन यांनी १९३३ साली आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. आवाज हळू असला की आपला कान खर्जाला बराचसा बहिरा असतो. आवाज वाढवला की खर्ज जास्त वेगाने वाढल्यासारखा वाटतो. जुन्या कार स्टिरिओवर 'लाउडनेस' नावाचा एक खटका असायचा, तो याच शोधाचा नातू. हळू आवाजात ऐकताना खर्ज थोडा उचलून द्यायचा, एवढंच त्याचं काम. मोठा आवाज लावून वर हा खटकाही दाबून ठेवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या गाडीचे दरवाजेसुद्धा ताल धरत.

टेलिफोननंतर इक्वलायझर बोलपटात गेला. तीसच्या दशकात आरसीए कंपनीच्या जॉन व्होल्कमन यांनी चित्रपटगृहासाठी मागेपुढे करता येईल असा इक्वलायझर तयार केला, असं श्रेय त्यांना दिलं जातं. तोपर्यंतचे इक्वलायझर एकदा बसवले की बसवले. घरातल्या रेडिओवर एखादी 'टोन'ची फिरकी असे. ती फिरवली की वरचा भाग कमी होई, खरखर थोडी दबे आणि गाणंही दबे. खर्जाची आणि टिपेची वेगवेगळी फिरकी देणारा एक सुटसुटीत आराखडा पीटर बॅक्संडल या इंग्रज अभियंत्याने ऑक्टोबर १९५२च्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापला. फिरकी मध्यावर असली की आवाज जसाच्या तसा, डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. पुढे जगभरच्या कारखान्यांनी तो उचलला. आपण 'बेस' आणि 'ट्रेबल' म्हणून जे फिरवत आलो, ते बहुतेक त्याच घराण्यातलं.

उभ्या पट्ट्यांचा 'ग्राफिक' इक्वलायझर त्यानंतर लोकप्रिय झाला. पट्ट्यांची टोकं मनातल्या मनात जोडली की आलेख दिसतो, म्हणून 'ग्राफिक'. दहा पट्ट्यांच्या यंत्रात ३१ हर्ट्झपासून सुरुवात करून प्रत्येक पायरीला दुप्पट होत आपण १६ हजारांवर पोचतो. दुप्पट म्हणजे एक सप्तक. षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत आपण जे अंतर मोजतो, तेच.

आता गाडीत बसू. अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्विन यांनी आपल्या गाडीत रेडिओ बसवला आणि ती गाडी घेऊन अटलांटिक सिटीतल्या रेडिओ उत्पादकांच्या मेळाव्याला गेले. तिथे दुकान मांडायला त्यांच्याकडे जागा नव्हती. गाडी बाहेर उभी करून येणाऱ्याजाणाऱ्याला ते रेडिओ ऐकवत राहिले. त्या रेडिओला त्यांनी 'मोटोरोला' हे नाव दिलं. पुढे कंपनीचंच ते नाव झालं.

आपल्याकडे ॲम्बॅसडर आणि पद्मिनीच्या जमान्यात कारखान्यातून आलेल्या स्टिरिओचं कौतुक करायची वेळ क्वचितच येई. कॅसेट प्लेअर बाहेरून बसवायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायचं, गावाकडे ओळखीच्या रेडिओ मेकॅनिककडे. थोडे पैसे सुटले की डॅशबोर्डखाली एक चपटा डबा यायचा. त्याला 'इक्वलायझर बूस्टर' म्हणत. पाच-सात पट्ट्या आणि गाण्याबरोबर नाचणारे लाल-हिरवे दिवे. खरं सांगायचं तर निम्मे पैसे दिव्यांचेच होते. माझ्या एका मित्राच्या जीपमध्ये आम्ही मुशायऱ्याच्या कॅसेट ऐकत असू. पट्ट्या अर्थातच 'व्ही' आकारात. शायराचा खोकला घनगंभीर ऐकू येई, टाळ्या कडाडत, आणि ज्या काफियासाठी त्या टाळ्या पडल्या तो मात्र पुन्हा कॅसेट मागे घेऊन ऐकावा लागे. गझलेत सगळी वाट बघायची ती त्या एका शब्दाची, आणि नेमकी तीच पट्टी पाताळात!

कंपनीनेच गाडीसाठी मापून शिवलेला आवाज दिला, ही गोष्ट १९८३ सालच्या मॉडेलची. जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक सेव्हिल आणि इतर काही गाड्यांत अमर बोस यांच्या कंपनीने तयार केलेली ध्वनियंत्रणा आली. अमर बोस यांचे वडील नोनी गोपाल बोस हे बंगालमधले क्रांतिकारक. इंग्रजांचा तुरुंग भोगून ते १९२०च्या सुमारास अमेरिकेत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शाळकरी अमर फिलाडेल्फियात लोकांचे रेडिओ दुरुस्त करून घरखर्चाला हातभार लावत असे. पुढे १९५६मध्ये, एमआयटीत डॉक्टरेट पुरी होत आली असताना, त्यांनी कागदावरचे सगळे आकडे पाहून एक भारी स्टिरिओ विकत घेतला आणि ऐकून निराश झाले. आकडे उत्तम आणि आवाज निर्जीव, असं का, या प्रश्नामागे त्यांचं आयुष्य गेलं.

बोस यांचा विचार सरळ होता. घरात श्रोता कुठे बसेल, भिंती कशा असतील, ते कारखानदाराला ठाऊक नसतं. गाडीत मात्र खुर्च्या ठरलेल्या, काचा ठरलेल्या, कापडसुद्धा ठरलेलं. तर मग त्या एका मॉडेलसाठीच आवाज बेतता येईल. त्यांनी चार स्पीकर, प्रत्येकाला स्वतःचा ॲम्प्लिफायर आणि त्या गाडीच्या पोकळीला जुळणारं समीकरण असं सगळं एकत्र दिलं. टेलिफोनच्या तारेला जे केलं, तेच त्यांनी मोटारीच्या पोटाला केलं. मात्र यामुळे एक गोष्ट झाली. आज कंपनीच्या स्टिरिओत सगळ्या पट्ट्या शून्यावर ठेवल्या, तरी आत कंपनीची स्वतःची दुरुस्ती बहुधा चालूच असते. काही यंत्रणा तर आवाज वाढवला की स्पीकर फाटू नये म्हणून खर्ज गुपचूप उतरवतात. ग्राहक म्हणतो, मोठ्या आवाजात दम नाही, आणि पट्टी आणखी वर ढकलतो.

दमाचा हिशेबही पाहायला हवा. डेसिबलच्या मापाने तीन पायऱ्या चढलं की ॲम्प्लिफायरला दुप्पट ताकद लावावी लागते. दहा चढलं की दहापट. स्टिरिओच्या डब्यावर 'पन्नास वॅट गुणिले चार' असं छापलेलं असतं, पण बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा साधा स्टिरिओ दर स्पीकरला स्वच्छ असे वीसेक वॅटच देतो. खर्ज दहा डेसिबलने चढवला की तो बिचारा मान टाकतो आणि आवाज चिरकतो. दोष स्पीकरला दिला जातो.

इथे एक गैरसमज पुसायला हवा. मंद्र, मध्य, तार ही आपली सप्तकं आणि स्टिरिओवरचे बेस, मिड, ट्रेबल यांची लोक जोडी लावतात. ती लागत नाही. गायिकेचा तार षड्जसुद्धा साधारण पाचशे हर्ट्झच्या आतच असतो. म्हणजे तिन्ही सप्तकांतली जवळपास सगळी सुरावट मधल्या पट्ट्यांतच गायली जाते. शंभरच्या आसपास डग्ग्याचा आणि ढोलकीचा घुमारा आहे. दहा हजारांच्या पट्टीत कुठलाही स्वर राहत नाही. तिथे टाळांची चमक, घुंगरांची किणकिण आणि 'स'चा वारा आहे. दोन्ही टोकं वर आणि मधलं खाली म्हणजे ढोलकी आणि टाळ ठेवून गाणारा घरी पाठवल्यासारखं.

मग पट्ट्या कशा लावाव्यात? मी करतो ते सांगतो. आधी सगळं शून्यावर आणायचं. 'रॉक', 'पॉप', 'जॅझ' अशी तयार बटणं असतात, ती विसरायची. त्यांत गझलेचं किंवा अभंगाचं बटण मला अजून दिसलेलं नाही. मग शब्दन् शब्द पाठ असलेलं, एकाच आवाजातलं, कमी वाद्यांचं एक गाणं लावायचं. काचा बंद, इंजिन चालू आणि आपण चालकाच्या जागेवर. दारातले स्पीकर गुडघ्यापाशी असतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून उजवा जवळचा. 'बॅलन्स' किंचित डावीकडे नेला की गाणारा समोर येतो. बंद गाडीत दीडशे-दोनशेच्या आसपास आवाज घुमतो, दाराचे पत्रेही त्याला साथ देतात. ती पट्टी दोन-तीन घरं खाली घेतली की कोंदटपणा जातो, आणि आश्चर्य म्हणजे काहीही न वाढवता शब्द वर येतो. तरी 'स' आणि 'श' वेगळे कळत नसतील, तर दोन ते चार हजारांची पट्टी एखादं घर वर. जास्त नाही, कारण कान त्याच भागात सर्वांत तिखट असतो आणि लांबच्या प्रवासात त्रासतो.

रस्त्यावर निघालं की चाकांची घरघर येते. तीही खर्जातली, म्हणून ती आधी गाण्याचा खर्ज झाकते. त्यासाठी खालची पट्टी जरा चढवायला हरकत नाही, मात्र सिग्नलला थांबल्यावर ती घुमणार, हे धरून चालायचं.

वयाची बाब राहिली. तरुण कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो असं पुस्तकात असतं. आमच्या पन्नाशीत पुष्कळांचा दरवाजा बारा-तेरा हजारांलाच बंद होतो. शेवटची पट्टी मी कितीही वर नेली तरी मला फरक कळत नाही. मागच्या सीटवरच्या मुलांना मात्र कळतो, आणि ती कानांवर हात ठेवतात. त्यामुळे ती एक पट्टी आमच्या गाडीत मुलं लावतात, आणि मधल्या पट्ट्यांना त्यांनी हात लावायचा नाही असं ठरलं आहे.